मोंफ्लानचा नवा जिना

मोंफ्लान, पेरिगोर
सेंट मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस, नोव्हेंबर १५३४

प्रिय ऐमेरी,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. अक्रोड उतरवून झाले, द्राक्षारस यंदा आंबटच निघाला. राजदरबारात तुझं चांगलं चाललंय, पुढच्या महिन्यात नव्या नवरीला घेऊन येतोयस, हे वाचलं. आनंद आहे.

घर तयार आहे. ज्या बुरुजांवरून आजोबांनी इंग्रजांना तोंड दिलं, ते तू सांगितलंस तसे निम्मे उतरवले. दोन पुरुष आडवे झोपतील एवढी जाड भिंत फोडून दिवाणखान्याला सहा खिडक्या काढल्या. बाण मारायच्या फटी बुजवल्या. खंदक भरून गुलाब लावलेत, पण जगतील असं दिसत नाही. वारा सहाही खिडक्यांतून येतो. नवरीला लोकरीचं पांघरूण आणायला सांग.

जिनाही झाला.

तू लिहितोस, "ताई, सहा वर्षं एकटीनं बांधकाम सांभाळलंस, आता मठात शांतपणे राहा." माझी खोली नवरीच्या दासींना लागणार आहे, हे मात्र तुझ्या कारभाऱ्याकडून कळलं.

जिन्याबद्दल लिहायला तीनदा बसले. आज लिहितेच. गिराल गवंडी मेला, एवढंच मी जूनमध्ये कळवलं होतं. तू उलट विचारलंस, "दुसरा मिळाला का?"

तो कसा मेला ते ऐक. जूनअखेर सेंट जॉनच्या सणाला पाहुणे घेऊन येतो, तोवर जिना झालाच पाहिजे, असं तुझं पत्र आलं. मी ते गिरालला वाचून दाखवलं.

"चुना ओला आहे, बाईसाहेब. अजून दोन आठवडे जिन्याच्या कमानीखालचा लाकडी आधार काढायचा नाही."

"भाऊ ऐकणार नाही."

"मग त्यांनाच उभं करा कमानीखाली!" तो हसला.

मी म्हटलं, "तुला भीती वाटते का?"

त्याचं हसू गेलं. त्यानं सगळ्या माणसांना बाहेर काढलं आणि आधाराची शेवटची पाचर स्वतः ठोकून काढली. कमान त्याच्या अंगावर आली. तू त्या सणाला आलाच नाहीस. शिकारीला गेलास.

मलाही घाई होतीच, पण तुझ्या पाहुण्यांसाठी नव्हे. जिना बघून तू खूश होशील, आणि त्या खुशीत मी तुझ्याकडे गिरालशी लग्नाची परवानगी मागणार होते. आम्ही एकमेकांना शब्द दिला होता. त्याला हिणवलं ते मी. सगळा दोष तुझ्यावर टाकून झोप लागली असती, तर टाकला असता.

त्याच्या माणसांनी कमान पुन्हा बांधली आणि या वेळी आधार काढायला पूर्ण दोन महिने थांबले. मधल्या दगडावर आपल्या घराण्याच्या चिन्हाची ढाल कोरायची होती. मी तिथे गिरालचं नाव कोरवून घेतलं, खाली तो गेला तो दिवस. नको असेल तर काढ. पण तो दगड काढायचा म्हणजे अख्खी कमान उतरवावी लागेल, आणि तिच्याखाली कोण उभं राहणार ते तुझं तू ठरव.

मठात मी जाणार नाही. गिरालची आई चुनाभट्टीजवळ राहते, एकटीच आहे. काल तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "लाकडं फोडता येतात का?" येत नाहीत. शिकेन.

किल्ल्या कारभाऱ्याकडे दिल्या आहेत.

गिराल गवंड्याची वाग्दत्त वधू,
बेर्त्रांद