वहीचं न उलटलेलं पान

प्रिय बाबा,

तुम्ही असता तर पहिल्या ओळीलाच अडवलं असतं. “आत्मा नाई म्हणतो आपण, मंग पत्र कोणाले लिहून राह्यली?” तरी लिहिते आहे. उद्या आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन सुरू होणार आणि तुमच्या जागेवर मला बसवलंय. मला फार भीती वाटते आहे. ती तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

अंगणवाडीला रजा टाकून कालच रिठदहून आले. मंगरूळपीरला एसटी बदलली. आसेगावला उतरले तर विहाराचं सगळं बघणाऱ्या शांताकाकू समोरच उभ्या. म्हणाल्या, “पुनवेले तूच वाचजो त्याईची वही. आन गुरुजी कसे शांत गेले, ते बी सांगजो सगळ्याईले.”

मी मान हलवली. तुम्ही शांत गेलात हे गावाला मीच तर सांगितलं होतं.

ती वही आता समोर आहे. कचेरीतली शिपायाची नोकरी संपल्यावर तुम्ही तीन वर्षं खपून लिहिलेली, ‘जगातल्या धम्माची ओळख’. आपला धम्म साधासोपा असताना बाकीच्या देशांचं कायले, असं शांताकाकूंनी विचारलं तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होता, “भावकी मोठी हाय आपली. नावं तं मालूम पायजेत.” यंदाच्या वर्षावासाचे पहिले आठ दिवस तुम्ही त्या भावकीसाठी राखून ठेवले होते.

काय सुरेख सोपं केलंत सगळं! श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंडचे लोक पाली त्रिपिटक मानतात; पिटक म्हणजे टोपली, तर त्याच्या तुम्ही तीन टोपल्या काढल्यात. पहिलीत भिक्खूंनी कसं राहायचं ते नियम. दुसरीत बुद्ध गावोगाव फिरताना लोकांशी काय बोलले ते. तिसरीत मनाची चिरफाड, आणि तिच्यापुढे कंसात ‘अवघड आहे, घाई करू नये’. मग चीन-जपानकडचं महायान. सगळे पैलतीराला लागेपर्यंत स्वतः अलीकडे थांबणारा बोधिसत्त्व. अमिताभ बुद्धाचं नाव घेत घेत डोळे मिटणारे म्हातारे. तिथे तुम्ही समासात लिहिलंय, ‘आपल्याला पटो न पटो, ऐकून घ्यावं.’ घरात माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेत नव्हता तुम्ही, आणि जपानच्या म्हाताऱ्यांना एवढी सवलत?

त्यानंतर तिबेटचं पान येतं. त्या पानाला मी सहा आठवडे हात लावलेला नव्हता.

दवाखान्यातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल का? आठवणारं कोणी उरतं का? तुम्ही माझं मनगट धरलंत. बौद्धाचार्य म्हणून पांढरा सदरा घालून किती घरी माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही गेलात, किती रडणाऱ्यांना सांगितलंत की दिवा विझल्यावर तो कुठे गेला असं विचारायचं नसतं. आणि मला म्हणालात, “मले भेव लागून राह्यलं, पोरी. कोणाले सांगू नोको. काई तरी वाच. थांबू नोको.”

पिशवीत तुमचीच वही होती. खूण घातलेलं पान उघडलं आणि वाचत सुटले. तिबेटात माणूस गेल्यावर सात आठवडे त्याच्या कानाशी बसून वाचतात. त्या वाटेवर त्याला आधी शांत रूपं दिसतात, मग भयंकर. ज्वाळांची, रक्त पिणारी, डोंगराएवढी. वाचता वाचता माझाच आवाज फाटला. तुमची बोटं माझ्या मनगटात रुतली. पान तिथेच संपलं होतं.

मी वही मिटली. म्हटलं, “चहा घेऊन येते, बाबा.” चहा तुम्हाला नको होता, मलाही नको होता. मी पळाले. परत आले तेव्हा तुम्ही नव्हता.

तुमचं खरं असेल तर काहीच बिघडलं नाही. दिवा विझला, संपलं. पण त्या पानाचं खरं असेल तर? मग तुम्ही अजून त्या वाटेवर आहात, एक आठवडा उरलाय, आणि तुमच्या कानात शेवटची पडलेली गोष्ट ती रूपं आहेत. माझ्या आवाजात. तुमची मुलगी असून असा विचार करते म्हणून रागवा. पण स्वयंपाक करताना, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना हेच डोक्यात येतं.

आज सकाळी, उद्याची तयारी करायची म्हणून, जीव मुठीत धरून ते पान उलटलं. मागे तुमच्या अक्षरात होतं, की ही सगळी रूपं आपल्याच मनाची आहेत. ती आपलीच म्हणून ओळखली की भय सरतं. आणि खाली पेन्सिलीने, वाचणाऱ्यासाठी: ‘मागच्या पानावर थांबू नये. ऐकणाऱ्याला भेव लागते.’

ती ओळ पुन्हा वाचली. म्हणून थांबू नको म्हणालात! पुढे काय आहे ते तुम्हाला पाठ होतं. पण त्या घटकेला ते आठवलं का तुम्हाला? एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि तेच कधी कळणार नाही.

तुम्ही तरी माझ्यापासून भीती का लपवलीत इतकी वर्षं? तुमच्या दुसऱ्या टोपलीतच आहे ना, की बोधी मिळण्याआधी रानात एकटं राहताना बुद्धांनाही भीती वाटायची. चालताना आली तर ते चालतच राहायचे, बसलेले असले तर बसूनच, ती सरेपर्यंत. त्यांनी ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग आपण कायले लपवायची?

कोणाला सांगू नको म्हणाला होतात. तेवढं मोडणार आहे, माफ करा. शांताकाकूंपुढे, सगळ्या गावापुढे सांगेन की गुरुजी घाबरले होते आणि त्यांची मुलगी अर्ध्यात उठून गेली. मग तुमचं आसन जरा सरकवून बसेन आणि ते पान वाचेन. आधी ती भयंकर रूपं, मग न थांबता पान उलटून पुढचं. ऐकायला तुम्ही असा किंवा नसा. पुढचे सात दिवसही रोज वाचेन, माझा आवाज कापला तर कापत्या आवाजात.

या वेळी चहाला उठणार नाही.

तुमची घाबरट पोरगी,
सुजाता