अर्धं लिंबू

आई, तुझी पणती आज दुपारी माझ्या आरशासमोर अर्धं लिंबू गालावर घासत उभी होती. मोबाइलवर कुणीतरी सांगितलंय म्हणे, लिंबाने चेहरा उजळतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझं लिंबू काही गेलं नाही. तिच्या हातातून ते मी काढून घेतलं, तिचा चेहरा धुतला, आणि तरी मन शांत होईना म्हणून तुला लिहायला बसले. आज तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा सगळं ऐकून घे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा मे महिना. दापोलीकडचे लोक मला बघायला येणार म्हणून तू कंबर कसली होतीस. माझा चहा बंद, कारण चहाने मुली काळ्या होतात. दादा मात्र दोन-दोन कप प्यायचा आणि मला चिडवायचा, "मी काळाच आहे, मला कसली भीती?" आंबे बंद, कारण पुटकुळ्या येतात. खोलीत पेंढ्यात अढी लावलेली, सगळं घर घमघमतंय, आणि मी आपली काकडी खातेय. माझे कोपर-गुडघे तू वजरीने घासून लाल केलेस. ते नंतर आणखीच काळवंडले. आणि रोज सकाळी लिंबू. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसते, तू एका हाताने माझी हनुवटी धरतेस, दुसऱ्या हाताने लिंबाची फोड फिरवतेस. "शाळेत सिस्टर सांगायच्या, कातडीत रंग असतो तो उन्हापासून सांभाळायला," मी डोळे मिटून म्हणते. "तुझ्या सिस्टरला लग्न करायचं नव्हतं गो," तू म्हणतेस, आणि नवी फोड घेतेस.

चेहरा धुवायचा नाही, रस मुरू द्यायचा, ही तुझी आज्ञा. तसाच चेहरा घेऊन मी घरापुढच्या खळ्यात कोकमं वाळवायला बसायचे. सोलं रसात बुडवायची, पसरायची, उलटायची; सगळी सकाळ उन्हात. चेहरा चरचरायला लागला तर तू म्हणालीस, "मळ निघतोय, सोस जरा." थोड्याच दिवसांत गालांवर आणि मानेवर, रस ओघळला होता तिथे तिथे, तपकिरी पट्टे उठले. ते घालवायला तू आणखी लिंबं आणलीस.

त्या पट्ट्यांसकट मला बघायला पाहुणे आले. तू माझ्या तोंडावर पावडरचा थर दिलास. घामाने तो राखेसारखा दिसायला लागला. पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर जायच्या आधी मी मोरीत गेले आणि चेहरा स्वच्छ धुतला. मुलाच्या आईने निरखून विचारलं, "हे काय गो चेहऱ्याला?" "लिंबाने भाजलंय," मी म्हटलं. "डाग जातील. रंग जाणार नाही, तो माझा आहे." स्थळ गेलं. "तोंडाने घालवलंस," तू म्हणालीस. "त्या तोंडाला लिंबू कुणी चोळलं?" मी म्हटलं. आज पुन्हा ती वेळ आली तर हेच बोलेन, एक शब्द बदलणार नाही.

मग तू मला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. लिंबाचा रस लावून उन्हात बसलं की कातडी भाजते आणि असे डाग पडतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तू शेजारीच होतीस. "काही लावू नका, ऊन टाळा, हळूहळू जातील," त्या म्हणाल्या. "आणि मूळचा रंग?" तू विचारलंस. "तो आजार नाही हो," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून तू माझ्यासाठी लिंबू कापलं नाहीस.

तर ऐक. मी रोज दोनदा चहा पिते, रंग होता तसाच आहे. आंबे पोटभर खाते. देठाकडचा चीक लागला तर ओठ भाजतात, तेवढा पुसून टाकायचा. घासून कातडी उजळत नाही, सोलवटते. सावळ्या कातडीलाही ऊन भाजतं, म्हणून पोरीला मी छत्री दिलीय, गोरी होण्यासाठी नव्हे. तुझं एकच औषध ठेवलंय, टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल. ते चांगलं आहे. जे चांगलं ते चांगलं म्हणेन, पण बाकीचं तुझं काहीही या घरात त्या पोरीच्या चेहऱ्याला लागणार नाही, मी जिवंत असेपर्यंत तर नाहीच.

त्या अर्ध्या लिंबाचं मी सरबत केलं आणि पोरीला तुझ्या लिंबाची गोष्ट सांगितली. पिता पिता पोरगी विचारते, "आजी, एवढं झोंबायचं, तर तू पळून का नाही जायचीस?" "सरबत पी," मी म्हटलं. खरं उत्तर तुला सांगते, नाहीतरी हे पत्र कुठे जाणार नाही. दिवसभर तुझे हात चुलीशी, कोकमांत, दादाच्या डब्यात. माझ्या चेहऱ्याला ते फक्त लिंबासाठी लागायचे. पुढे पुढे तू हाक मारायच्या आधीच मी पायरीवर येऊन बसायचे. आज पोरीचा चेहरा धुताना मीही तिची हनुवटी अशीच धरली होती. लिंबू केव्हाच निघून गेलं होतं, तरी मी सोडली नाही.