पक्के किती?

अब्बा, राग काढायला आज दुसरं कोणी सापडलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुम्ही जो बिनव्याजी धंदा दोस्तांमध्ये करायचात, तोच मी मोबाईलवर आणला आहे. पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे घालून एखाद्याच्या कामात भागीदार व्हायचं. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, तोटा आला तर पैसे घालणाऱ्यानं सोसायचा. सध्या हुडकेश्वरची एक बाई धंतोलीच्या दवाखान्यांत पेशंटच्या नातेवाइकांना डबे पुरवायला मोठं स्वयंपाकघर उभारू पाहतेय. नवरा नाही, अंगावरचं सोनं मोडून तिनं जागेचं डिपॉझिट भरलंय. उद्यापर्यंत रक्कम पुरी झाली नाही तर सगळ्यांचे पैसे परत जातील आणि तिची जागाही जाईल. आणि लोक काय विचारतात? "ताई, पक्के किती देऊन राहिले?" पक्कं काही नसतं म्हटलं की फोन ठेवतात. आपल्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी तर कमालच केली! व्याज कसं हराम आहे ते मलाच समजावलं आणि शेवटी म्हणे, "पण बेटा, मुद्दल तर सेफ आहे नं?" डोकंच फिरलं माझं. अहो, मुद्दलाची हमी दिली की ते कर्ज झालं, भागीदारी कसली!

तुम्ही कधी हमी मागितली नाहीत, त्याचाही मला रागच येतो. मी शाळेत होते तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे: ज्यांच्या बॅगांच्या कारखान्यात तुम्ही पैसे घातले होते ते काका दारात उभे आहेत. पुराच्या पाण्यात सगळा माल सडलाय. ते स्कूटरची चावी पुढे करतात. "भाई, हे ठेवून घे."

"काहून गा? तुही मेहनत गेली, माहे पैसे गेले. बस, चहा घे."

आत अम्मी भांडी आपटतेय, "पोरीची फी आता झाडाले लागते काय?" त्या वर्षी माझी इंग्रजी शाळा सुटली. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. तत्त्व तुमचं अब्बा, आणि शाळा गेली माझी!

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद कुठल्या पेटीत टाकणार म्हणा. संध्याकाळी त्या बाईचा फोन आला होता. "ताई, थोडेच कमी आहेत नं आता? तुम्ही तर पहिल्याच दिवशी टाकले असतील." मी नुसतं हं म्हटलं.

नाही टाकले, अब्बा. एक रुपयाही नाही. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीची फी भरायची आहे.