अन्वीच्या दुधातलं पाणी

दुर्गेश,

अन्वीले घेऊन मी मौद्याले माहेरी चालली आहे. वरण-भात झाकून ठेवला आहे.

आज कंपनीतून दुपारीच घरी आली. तुमच्या आई अन्वीचं तयार दूध दोन बाटल्यांत अर्धं-अर्धं करून वरून पाणी भरून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "दाट दूध लेकराले पचत नाही वं. दोन महिने झाले, असंच देतो. दुर्गेशले माहीत आहे."

चार चमचे पावडरीले एकशेवीस मिली पाणी लागते. त्याचं दोनशेचाळीस केलं की दूध अर्ध्याच ताकदीचं राहते. लेकरू पोटभर पिऊनही अर्धं उपाशी. बुटीबोरीले कंपनीत रंगात किती पाणी टाकायचं हे मी रोज मोजते, अन् घरचं मले समजलं नाही.

आईंवर माझा राग नाही. त्यांनी भल्यासाठीच केलं. पण सोमवारी वजन पाहून डॉक्टर मले म्हणाले, "कशा आई आहात तुम्ही? बाळाला नीट पाजत नाही का?" मी रडून राहिली होती. तुम्ही बाजूच्याच खुर्चीत बसले होते, अन् एक शब्द बोलले नाही.

इतक्यात घ्यायले येऊ नका.

दीपमाला