सभा न होता झालेला ठराव

२२ जाने., गुरुवार
पोषण आहाराची पाकिटं आली. बायका अंगणवाडीत जमल्याच होत्या, म्हणून ग्रामसेवकांनी पाठवलेली वहीपण तिथंच फिरवली. २६ तारखेच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती कधी भरत नाही, वहीतच होते. मी पाकीट देते, सही किंवा अंगठा घेते. वरचा मजकूर ग्रामसेवक मागाहून लिहितात.
शमीमबी म्हणाली, "बाई, इसमें क्या लिखे?" म्हटलं, हजेरी गं, दुसरं काय. तिनं अंगठा टेकवला. तुरीच्या शेंगा सोलून तो आधीच काळा होता.
दोन कामं एका फेरीत उरकली. स्वतःवरच खूश.

३ फेब्रु., मंगळवार
फाट्यावर दादारावच्या गाळ्याला काळ्या काचा बसवतायत. दादाराव म्हणजे सरपंच कमलबाईंचे मालक. सरपंचकी बाईंच्या नावावर, खुर्चीत नवरा. पाटी येणार म्हणे, व्हिडिओ गेम पार्लर. नाव लेकराबाळांचं आणि आत जुगार. बटण दाबायचं, चित्रं गरागरा फिरतात, जुळली तर पैसे, नाहीतर गेले. जालन्यात लपूनछपून चालतं तेच इथं परवाना घेऊन. अंगणवाडीच्या दारातून गाळा सरळ दिसतो.
जेवताना यांना म्हटलं, असल्या धंद्याला परवानगी दिली कुणी? हे म्हणाले, "तुमच्याच बायकांच्या सभेनं. सगळं गाव सांगून राह्यलं."
सकाळी पहिलं वही बघायची.

४ फेब्रु.
ग्रा.पं.त जाऊन वही मागितली. ग्रामसेवक टाळत होते. म्हटलं, माझी सही आहे त्यात, बघायचा हक्क आहे. दिली शेवटी.
"गावात करमणुकीचे साधन व रोजगार उपलब्ध होत असल्याने सदर पार्लरला महिला सभेची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर." अध्यक्ष म्हणून कमलबाईंची सही. खाली आम्ही सगळ्या. पहिली सही माझी, चांगली वळणदार.
ग्रामसेवक म्हणाले, "बाई, दरसाल असंच तर करतो आपण. आजच काय नवीन?"
बरोबर बोलला मेला. म्हणूनच जास्त झोंबलं. वही मिटून त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघाले.

५ फेब्रु.
सगळ्यात आधी शमीमबीकडे गेले. ठरावाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरे अंगूठे से मशीन ला रै ये लोगां?"
तिचा नवरा मागं एकदा आपल्या आईला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्ता. म्हातारीला बाकावर बसवलं, "आत्ता आलो" म्हणाला आणि गल्लीतल्या मशिनीवर जाऊन बसला. नंबर पुकारून गेला, डॉक्टर गेले, म्हातारी त्याच बाकावर. वाईट माणूस नाही तो. मशिनीसमोर बसला की त्याला आई आठवत नाही, एवढंच. आता ती मशीन त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर येणार आणि कागदावर त्याच्याच बायकोचा अंगठा.
मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. चहा दिला.

७ फेब्रु.
दादाराव घरी आला. सोबत कमलबाई, ओट्यावर टेकल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत राहिल्या.
"वहिनी, लोक आज बी खेळतातच की. चोरून खेळण्यापरीस कायद्यानं खेळलेलं काय वाईट? आन पंचायतीला बी उत्पन्न."
मी म्हटलं, "कायद्यात बसलं म्हणजे चांगलं झालं का? आज खेळणाऱ्याला निदान लाज वाटते, तोंड लपवून जातो. तुम्ही परवाना लावून तेवढी लाज पण काढून घेणार."
"तुमची सही हाय वहिनी."
"सही माझी आहे. शब्द तुमचे."
हे मधे पडले, "चहा ठेव," म्हणाले. नाही ठेवला.

९ फेब्रु., सोमवार
रजा टाकून तालुक्याला, घनसावंगीला गेले. जीपमध्ये चौघांच्या सीटवर सात माणसं. तहसीलमधला कारकून भला माणूस, ठरावाविरुद्ध लिहून नेलेला माझा अर्ज नीट वाचला. म्हणाला, "ठराव खोटा ठरवायचा तर सभा झालीच न्हाई असं कुणीतरी लिहून द्यावं लागंल. सह्या कुणी गोळा केल्या?"
"मी."
पेन खाली ठेवलं त्यानं. "मंग बाई, पहिलं तुमच्यावरच येईल."
येऊ दे.
(हे जीपमध्ये बसल्यावर सुचलं. तिथं नुसती मान हलवली.)

१० फेब्रु.
यांच्याशी कडाक्याचं भांडण. "सगळं गाव गप हाय, तुलाच काय नडलंय?" मी म्हटलं, सगळं गाव गप आहे कारण गावाच्या वतीनं मीच बोलून बसलेय. अंगठे मी घेतले, तेव्हा ठराव मोडायचाही मीच. हे म्हणाले, "नोकरी गेली तर रडत येऊ नको." येणार नाही. रडले तर अंगणवाडीत जाऊन रडेन, तिथं लेकरांची सोबत आहे.
खरं सांगायचं तर भीती वाटते. या नोकरीत अकरा वर्षं झाली. दुसरं मला काय येतं?

१२ फेब्रु.
बायकांना अंगणात बोलावलं. पाकिटं नाहीत हे आधीच सांगितलं, तरी आल्या. सगळं कबूल केलं. मागून एकजण म्हणाली, "आम्ही कागदाकडं कधी बघितलंच न्हाई बाई, तुमच्या तोंडाकडं बघून अंगठा दिल्ता."  
अर्ज वाचून दाखवला. सभा झाली नाही, ठराव आम्हाला माहीत नाही, पार्लरला आमची हरकत आहे. शमीमबी म्हणाली, "फिरसे पढो." परत वाचला. मग तिनं अंगठा दिला. मग सगळ्यांनी. तिघी उठून गेल्या, त्यांची घरं दादारावच्या गल्लीत आहेत. त्यांना बोल लावणार नाही.
अकरा वर्षांत पहिली खरी सभा झाली आणि तिची वहीत नोंद नाही.

१७ फेब्रु., मंगळवार
अर्ज शुक्रवारी तहसीलला दिला होता. आज मला खात्याची नोटीस आली. महिला सभेच्या खोट्या सह्या घेतल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा. पर्यवेक्षिका मॅडम स्वतः घेऊन आल्या. बाजूला नेऊन म्हणाल्या, "नजरचुकीने झालं असं लिही. एवढ्या एका शब्दावर सुटशील."
अजून डोक्यात तोच शब्द. नजरचूक म्हटलं की सभा झाली, फक्त मजकूर बघायचा राहिला. मी सुटेन आणि मशिनीही सुटतील.

१९ फेब्रु.
खुलासा दिला. "सभा झाली नाही. सह्या मी जाणूनबुजून, नेहमीच्या सवयीने घेतल्या. ती सवय चुकीची होती." मॅडमनी वाचून डोक्याला हात लावला.
देण्याआधी यांनी पण वाचला.  मग कागद झेरॉक्स करून आणला स्वतःहून, दोन प्रती.

२४ फेब्रु., मंगळवार
चौकशी अधिकारी आले. ग्रा.पं.च्या खोलीत एकेकीला आत बोलावलं. मला म्हणाले, "तुमचा जबाब तुमच्याच विरुद्ध जातोय. बदलायचा असेल तर आत्ता बदला." म्हटलं, सही कुठं करायची ते दाखवा.
शमीमबी आत जाऊन आली. बाकीच्या आल्या. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं की सगळी गोष्ट अध्यक्षांवर अडते. कमलबाईंनी सभा झाली म्हटलं तर ठराव राहील आणि मी खोटारडी ठरेन. नाही म्हटलं तर ठराव जाईल, बहुतेक माझी नोकरीही.
शेवटी कमलबाईंना बोलावलं. दादाराव मागोमाग निघाला. साहेब म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा, आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. सरपंच झाल्यापासून बाई त्या खोलीत पहिल्यांदाच एकटी. आम्ही सगळ्या ओट्यावर. 
बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, त्यांच्या लक्षातही नव्हतं.
"काय सांगितलं आत?" दादाराव.
"मला इचारलं, मी खरं ते सांगितलं."
"अगं पण काय?"
"तुम्हाला कुठं इचारलं व्हतं?" म्हणाल्या, चपला घातल्या आणि त्याच्यासाठी न थांबता चालायला लागल्या.