एक मांडीवर, एक पोटात

लाडक्या सायू,

रूपाताईचा शालू आत्ता माझ्या मशीनवर आहे. पिको झालंय, फॉल अर्धा लागलाय, आणि तो तसाच बाजूला सारून मी तुला पत्र लिहायला बसलेय. तुला जाऊन सहा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच काय सुचलं आईला, असं म्हणशील. म्हण! पण तुझ्याबद्दल घेतलेली एक शपथ मी मोडलीय गं. ती तुला नको सांगायला?

तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि मग बोलायचं, असं शाळेतल्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं. तशी तू ‘आई’ म्हणायला शिकलीस, सहाव्या वर्षी. पण एवढी मोठी गोष्ट तशी कशी सांगणार? पत्राला कान लागत नाहीत, तेवढं बरं.

ही गोष्ट तू पोटात होतीस तेव्हाची. मला दुसरा महिना होता. आपण तेव्हा निफाडला आजीजवळ राहायचो, पप्पा तिथूनच सातपूरच्या कारखान्यात पाळीला जायचे. रूपा मोठ्या आईची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची एकुलती एक. तेव्हा सहा वर्षांची होती. एके दिवशी तिच्या तोंडावर, गळ्यावर बारीक गुलाबी पुरळ उठलं. अंगात थोडा ताप. आजीनं लगेच दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि म्हणाली, “देवी आल्या घरात. आजपासनं फोडणी बंद.”

आपल्या घरात एक रीत होती. घरात पोटुशी सून असली, की देवी आलेलं लेकरू तिच्या मांडीवर द्यायचं आणि तिच्याच हातानं त्याला दहीभात भरवायचा. आजी म्हणायची, “पोटुशीच्या मांडीवर देवी बसली, की पोटातलं सुखरूप ऱ्हातं.” मी नवी सून. एवढा मान मिळाला म्हणून माझे पाय जमिनीवर नव्हते! तीन दिवस रूपा माझ्या मांडीवर होती. माझ्या पदराला नाक पुसायची, माझ्या ताटातलं खायची, माझ्याच कुशीत झोपायची.

दोनअडीच आठवड्यांनी मला कणकण आली. कानामागे गाठी आल्या, अंगावर तसंच पुरळ उठलं आणि तीन दिवसांत गेलंसुद्धा. आजीला कोण आनंद! “तुलाबी शिवून गेली. लय भाग्याची हायेस तू, मंदा.” तिनं शेजारीपाजारी साखर वाटली. आणि मी हसले, सायू. पोटावर हात ठेवून हसले.

तू झालीस ती एवढीशी. दूध पिताना धापा टाकायचीस. स्वयंपाकघरात परात पडली तरी तू दचकायची नाहीस, आणि मी मूर्ख, येईल त्याला सांगायचे, “गुणाची आहे हो माझी पोर, आवाजानं मुळीच उठत नाही.” मग तुझ्या डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकं दिसायला लागलं आणि आम्ही तुला नाशकाला डॉक्टरबाईंकडे आणलं.

त्यांनी तुझ्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ काढलीच नाही. मग मला विचारलं, “दिवस असताना तुम्हाला ताप, पुरळ असं काही आलं होतं का?” मी अभिमानानं सांगितलं, “हो तर! देवी आल्या होत्या.” त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी मी ‘रुबेला’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. जर्मन गोवर म्हणतात त्याला. लहान पोरांना होतो तेव्हा काहीच वाटत नाही, तीन दिवसांचा खेळ. पण बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. तेव्हाच तर बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. तुझं तिन्ही धरलं त्यानं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “याची लस असते. मुलीनं लग्नाआधी घेतली की झालं.”

मी म्हटलं, “मग आता द्या ना!”

त्यांनी तुझं झबलं खाली ओढून नीट केलं. दिवस गेल्यावर ही लस देतच नाहीत, आणि तू तर जन्मून माझ्या मांडीवर होतीस. हे मला घरी परतताना एसटीत कळलं.

मोठ्या आईला हे समजलं तेव्हा ती रूपाला घेऊन माझ्यासमोर आली. रूपाच्या डोक्यावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, “लहान हाय गं ती. तिच्या माथी नको मारू. तिला कवाच कळायला नको. घे शपथ.” मी घेतली. तिचं तरी काय चुकलं? आईच ती.

पण खोटं कशाला बोलू, सायू? मला रूपाचा राग यायचा. एकदा तिनं तुला कडेवर घेतलं, तर मी तुला हिसकावून घेतलं. ती बिचारी तशीच उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. आजीचाही राग आला, देवीचाही आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण मी हसले होते ना!

तुझ्या शाळेसाठी आपण सातपूरला खोली घेतली आणि मी फॉल-पिकोचं दुकान टाकलं. मी पायमशीन सुरू केलं रे केलं, की जमिनीची थरथर पायाला लागून तू जिथं असशील तिथून धावत यायचीस आणि मशीनच्या फळीवर गाल टेकून बसायचीस. जाड भिंगांचा चष्मा वाकडा व्हायचा, पण हलायची नाहीस. शिलाई थांबली की डोळे वटारायचीस माझ्यावर. गिऱ्हाईक नसलं तरी तुझ्यासाठी मी रिकामं मशीन चालवायचे. आणि रूपा! सुट्टीत आली की तू तिच्या पाठीवरून उतरायलाच तयार नसायचीस. तुला सगळ्यात लाडकी कोण होती, तर तीच.

सन दोन हजार सरलं आणि तुझं हृदय थकलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तोंडात पदर धरून, आवाज न करता रडायचे, आणि तू हात लांबवून माझा गळा चाचपायचीस. का गं तुला इतकं कळायचं? थोडं कमी कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता शपथेचं सांगते. रूपाचं लग्न कळवणच्या एका घरात ठरलंय. दोन महिने आधीच ती साड्या घेऊन आली, सगळ्यात वर शालू. हसत होती, त्यांच्याकडे पोरंच पोरं आहेत म्हणाली, मोठ्या दिराची दोन, नणंदेची तीन. मी हातातला शालू खाली ठेवला.

मी म्हटलं, “रूपा, लग्नाआधी एक लस घ्यायची आहे तुला. मी येते बरोबर.”

“कसली लस?”

“जर्मन गोवराची.”

“मला नको, काकू. मला लहानपणी देवी येऊन गेल्यात. आई सांगते ना, तुमच्याच मांडीवर होते मी.”

“डॉक्टरबाई म्हणतात, नुसत्या पुरळावरून खात्री देता येत नाही. घेतलेली बरी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. कॉलेजात शिकलेली पोर, तिला हिशेब जुळवायला किती वेळ लागणार? हळूच म्हणाली, “काकू, तेव्हा सायली पोटात होती?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. शपथ तेवढ्यासाठीच होती. पण मी नाही म्हटलं असतं, तर ती लस न घेताच गेली असती त्या पोरांच्या घरात. मी म्हटलं, “होती.”

ती उठली आणि साड्या तशाच टाकून निघून गेली.

चार दिवसांनी मोठी आई आली, दारातूनच ओरडत. “मोडलीस ना शपथ! पोरगी धड जेवत नाय का बोलत नाय. पंधरा वर्षं गप बसलीस, आता लग्नाच्या तोंडावर काय भूत शिरलं तुझ्यात?”

मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या नातवंडाच्या डोळ्यात पांढरं बघायचंय का तुम्हाला?” एवढं कडक मी त्यांना जन्मात बोलले नव्हते. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मीही बसले शेजारी. तू गेलीस तेव्हाही आम्ही दोघी अशा एकत्र रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रूपा आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “चला, काकू.”

डॉक्टरबाईंचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं, तुझं नाव त्यांच्या लक्षात होतं. रूपाला म्हणाल्या, “आधी होऊन गेला असला तरी लसीनं अपाय नाही. फक्त महिनाभर तरी दिवस राहू द्यायचे नाहीत.” लग्नाला अवकाश होता. दंडात सुई गेली, रूपानं माझी बोटं घट्ट धरली. एवढंच होतं गं ते. एवढ्याशासाठी तू!

दहाएक दिवसांनी तिला कणकण आली. लसीनं येते कधीकधी, घाबरायचं काम नाही. मी बघायला गेले तर मोठ्या आईनं दहीभात कालवला होता. रूपा माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, एवढी एकवीस वर्षांची घोडी! मी तिला भरवलं. दोन घास खाल्ल्यावर तिनं विचारलं, “काकू, मी मांडीवर होते तेव्हा मी आहे हे सायलीला कळलं असेल?”

मी काय सांगितलं असेल? म्हटलं, “कळलं असणार. तिला सगळं कळायचं. म्हणून तर पुढे तुझ्या पाठीवरून उतरायची नाही.”

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, सायू. ते तीन दिवस मी फक्त आजाराचे म्हणून मोजत आले. पण तेव्हा तुम्ही दोघी माझ्याजवळ होतात, एक मांडीवर, एक पोटात, आणि दोघींतली एकही दुसरीचं वाईट करायला आली नव्हती. रूपावरचा माझा राग गेला गं. उशिरा गेला, पण गेला.

म्हणून आज शालू मशीनवर घेतला. इतके दिवस हात लागत नव्हता.

आता तुला वचन देते. लग्न ठरलेली प्रत्येक पोर महिना-दोन महिने आधी साड्या घेऊन माझ्याच दुकानात येते. शालू हातात घेतला की मी पहिलं विचारणार, “रुबेलाची लस घेतलीस का?” हसू देत, त्यांच्या आया रागावू देत, फॉल दुसरीकडे लावू देत. नसेल घेतली तर आधी तुझं नाव सांगणार, मग सुईत दोरा ओवणार.

चल, उरलेला फॉल लावते. मशीन सुरू करतेय. फळीवरची तुझी जागा रिकामी ठेवलीय, ये.

तुझी, त्या दिवशी हसलेली,
आई