दुहेरी रेघ

ठळकवाडी, बेळगाव
ता. ११ फेब्रुवारी १९३६

तीर्थस्वरूप आक्कास,

मधल्या विनूचे दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? तंबाखूच्या दिवसांत भावोजींच्या शिंका वाढतात, तर त्यांना वखारीपासून लांब ठेव. (वखार त्यांचीच आहे, हे मला ठाऊक आहे.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, आणि तेच माझं दुःख आहे.

सांगते. आपल्या धाकट्या मालूच्या दोन्ही मुलांच्या लंगोट्या सोड्यात भिजवल्या की काळ्या पडायच्या, आठवतं? त्यापायी तिने शहापुरातल्या तीन परटिणी बदलल्या. आता मुंबईहून डॉक्टर केंकरे म्हणून एक संशोधक आलेत. विलायतेत शिकलेले, केस विरळ, बोलणं गोड. ते म्हणतात, परटिणी निर्दोष होत्या. अन्नातला एक पदार्थ या मुलांच्या अंगात पुरता जिरत नाही, तो पाण्यावाटे बाहेर पडतो आणि हवा लागली की काळा होतो. (कुठलं पाणी ते तू समजून घे. मी सिस्टर अगाथांच्या हाताखाली शिकले, तो शब्द माझ्याच्याने लिहवत नाही.) पुढे पाठ न् गुडघे धरतील, पण जिवाला धोका नाही. घराण्यातूनच येतं म्हणे.

झालं! दर गुरुवारी डॉक्टरांचा टांगा मालूच्या दारात. मालू हळदीकुंकवाला सांगत फिरते, "आमच्या आनंदचं लंडनला जाणार हं!" काय जाणार ते कळलं की बायका हातातला तिळगूळ खाली ठेवतात.

मला हेवा वाटला, आक्का. इंग्रजी शिकले मी, आणि विलायतेहून आलेला माणूस जातो कुणाकडे, तर सहीच्या जागी आंगठा करणाऱ्या मालूकडे! मग मनात आलं, सख्ख्या बहिणी आम्ही, तिच्यात आहे ते माझ्यात का नसावं? बाटली भरली, सोडा टाकला, तीन दिवस खिडकीत ठेवली. पिवळी ती पिवळीच. (नासकं दूध सुद्धा काही रंग दाखवतं.) चौथ्या दिवशी थोडा कोरा चहा मिसळून पाठवली. डॉक्टरांनी वास घेतला आणि फार हळुवारपणे म्हणाले, "बाई, यात वेलदोडा आहे."

भुई दुभंगली तर बरं, असं झालं. पण त्यांनी रागावण्याऐवजी मला वंशावळ दाखवली. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, मधली रेघ म्हणजे लग्न. आते-मामे भावंडांचं लग्न असेल तर रेघ दुहेरी. हा दोष अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो. नुसत्या अर्ध्याने काही होत नाही, पण नात्यात लग्न झालं की दोन अर्धे एकमेकांना भेटतात. मी चष्मा लावला. आत्याच्या हरिभाऊंचा चौकोन, त्याला दुहेरी रेघ, आणि पलीकडच्या वर्तुळात लिहिलेलं: विनोदिनी. मालू बाजूला, बिनरेघेची.

मालू नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, नुसतं 'आमचे हे' म्हणते, तेव्हा तिचा नवरा म्हणजेच हरिभाऊ, हे डॉक्टरांना कळलेलंच नाही. त्यांना माझं नाव सांगितलं सुईण रुक्माबाईने. हरिभाऊंची बायको कोण, म्हणून विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "बायकू व्हय? विनूबाईच की! पाळण्यात हुती तवापास्नं." मामाची मुलगी दिसली की आपल्याकडे आत्याच्या मुलाला 'तुझी बायकू आली बघ रं' म्हणून चिडवतात, हे मुंबईच्या माणसाला काय ठाऊक? पुढे 'इंग्रजी वाचणारी सून नको गं बाई' म्हणत आत्याने मालूला मागितलं, तेवढं म्हातारीने सांगितलं नाही.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण हरिभाऊ आपल्या परसात चिंचा पाडायला यायचे आणि 'बायकू' ऐकलं की लाल कान घेऊन भिंतीवरून उडी टाकायचे, ते डोळ्यांपुढे आलं. इतक्या वर्षांत त्या नावाशेजारी माझं नाव कुणी लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं अक्षर छान आहे," आणि घरी आले. (आमच्या घरी यातलं काही कळवू नकोस. हे वकील आहेत, लेखी पुरावा म्हटला की त्यांना झोप लागत नाही.)

मुलांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझी,
विनू

ता. क. डॉक्टर शुक्रवारी निपाणीला तुझ्याकडे येतील. छापायला धाडण्याआधी थोरल्या बहिणीकडून वंशावळ तपासून घ्यायची आहे. हरिभाऊंना कोण दिली म्हणून विचारलं, तर आता आठवत नाही म्हण. एवढंच मागते.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच मालू आली. माझा चेहरा बघून हटूनच बसली, तेव्हा पत्र वाचून दाखवावं लागलं. वेलदोड्याला ती डोळे पुसून पुसून हसली. मग म्हणाली, "विनूताई, रेघ घे गं तू. त्यांचं घोरणं ऱ्हाऊ दे माझ्याकडं." उठून दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. "पण गं, मग माझी पोरं तुझी म्हणून छापतील की त्यात!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा आक्का, डॉक्टरांना खरं काय ते सांग. फक्त त्यांना दोनदा विचारू दे.